आकसणारं प्लास्टिक आणि मामाचं कोकम

नातेवाईकांच्या लेखी इंजिनीअर एकाच प्रकारचा असतो. मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो, हे आईच्या माहेरी कुणाला पटतच नाही. त्यामुळे कुडाळच्या मामाने कोकम सरबत काचेऐवजी पेटच्या बाटलीत भरायचं ठरवलं, तेव्हा वेष्टणाचे तीन नमुने कुरिअरने थेट पुण्याला माझ्याकडे आले. पाठोपाठ फोन. "तू इंजिनेर मां? मग सांग माका, ह्यातला खयचा घेव?"

गेला अख्खा वीकांत यातच गेला.

आपल्या आयटीवाल्यांना श्रिंकरॅप हा शब्द माहीत असतो तो लायसन्समुळे. खोक्यावरची फिल्म फाडलीत की आतल्या अटी मान्य! (१९९६ साली प्रोसीडी विरुद्ध झाइडनबर्ग या खटल्यात अमेरिकेतल्या अपील कोर्टाने असल्या अटी चक्क बंधनकारक ठरवल्या. भांडण होतं फोन नंबरांच्या सीडीवरून.) पण ती फिल्म कशाची, हे कोण बघतं?

तत्त्व सगळ्यांचं एकच. प्लास्टिकच्या लांबलचक साखळ्या शेवयांसारख्या गुंतलेल्या असतात. फिल्म गरम असताना ताणायची आणि ताणलेली असतानाच गार करायची. साखळ्या त्याच अवस्थेत थिजतात. पुन्हा ऊब मिळाली की सुटतात आणि गोळा होतात. कुठल्या दिशेने ताणली, त्यावर ती कुठे आकसणार हे ठरतं. पाण्याच्या डझनभर बाटल्यांचा गठ्ठा बांधते ती जाडसर पॉलिथिलीन. पुस्तकांवर, खेळांच्या खोक्यांवर असते ती पातळ, चकचकीत पॉलिओलेफिन, दोन्ही बाजूंनी सारखी आकसणारी. आणि ज्यूसच्या बाटलीवर नखशिखांत बसलेला छापील अंगरखा, म्हणजे स्लीव्ह, तो मुख्यतः आडवाच आकसतो. उभा आकसला तर छापलेली अक्षरं बुटकी होतील.

मामाच्या पाकिटात एक पीव्हीसीचा स्लीव्ह होता, एक पेटजीचा, आणि तिसरं साधं गुंडाळायचं पॉलिप्रॉपिलीनचं लेबल. ते आकसत वगैरे नाही, नुसतं चिकटवायचं.

पीव्हीसी सगळ्यात स्वस्त स्लीव्ह. शिवाय स्वभावाने सोशिक: कमी तापमानाला, सावकाश आकसतो, त्यामुळे हातातल्या हीट गनने सुद्धा नीट बसतो. मामाकडे यंत्र म्हणजे तेवढंच, आणि मामी. पेटजी महाग. तो घेराच्या तीन चतुर्थांशापर्यंत आकसू शकतो, म्हणून निमुळत्या मानेच्या बाटलीला छान. पण आकसायला लागला की भराभर, आणि उष्णता एकसारखी नसेल तर सुरकुत्या. त्याला वाफेचा बोगदा लागतो. एवढ्यावर पीव्हीसी जिंकला असता.

पण मी बादली घेतली. तिन्हींचे तुकडे पाण्यात बुडवून बोटांनी चोळले (नाहीतर पातळ फिल्म हवेच्या बुडबुड्यांवर उगाच तरंगते). लेबल वर आलं. दोन्ही स्लीव्ह तळाला गेले. बाटलीचा तुकडाही तळाला.

सगळी गोम इथे आहे. पुनर्वापराच्या कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून तो पाण्यात टाकतात, जे तरंगेल ते वेगळं काढतात. पेटची घनता १.३८, पीव्हीसीची साधारण १.३५, पेटजीची १.२७. पाण्याला तिघेही सारखेच. मग पेट वितळवायला अडीचशे अंशांच्या वर नेलं की चुकून राहिलेला पीव्हीसी त्याआधीच कुजतो, हायड्रोक्लोरिक आम्ल सोडतो आणि चांगलं पेट पिवळं करून टाकतो. पेटजी एवढा दुष्ट नाही, पण वाळवण्याच्या भट्टीतच मऊ होऊन चुऱ्याचे लाडू वळतो.

आमच्या सोसायटीत कचरा नेणाऱ्या ताईंना नमुने दाखवले. त्यांनी घनता वगैरे न विचारता सांगितलं, "अशा बाटल्या मी ब्लेडने सोलते. वेळ असला तर. नाहीतर बाजूला टाकते." आतलं दिसत नाही त्या बाटलीला भाव नाही म्हणे. मामीने इतकी वर्षं काचेच्या बाटल्या परत घेऊन, उकळून वापरल्या. तिच्या हातची बाटली आता कुणी सोलायची का, एवढाच प्रश्न होता.

कायद्याची आडकाठी नाही. १ जुलै २०२२ पासून मिठाईचे डबे, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटं यांच्याभोवतीची फिल्म देशभर बंद झाली; बाटलीचा स्लीव्ह त्या यादीत नाही. पॉलिओलेफिनचे तरंगणारे स्लीव्हसुद्धा असतात, पण मामाच्या पुरवठादाराकडे ते नाहीत.

मी म्हटलं, लेबल घे. झाकणावर आकसणारी पट्टी राहू दे, ती गिऱ्हाईक आधीच फाडून टाकतं. (ती असावीच. १९८२ मध्ये शिकागोत टायलेनॉलच्या कॅप्सूलमध्ये कुणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं गेली, आणि तेव्हापासून सीलबंद मानेला महत्त्व आलं.)

"बाटली बरी दिसली नाय तर इकत कोण घेतलो?" मामा म्हणाला. तोही चुकीचं बोलत नव्हता. गोव्याच्या हायवेवरच्या दुकानात त्याची बाटली बड्या कंपन्यांच्या शेजारी उभी राहणार. तिथे घनता कोण विचारतो! :)

शेवटी मोठ्या बाटलीला लेबल ठरलं. भेट द्यायच्या छोट्या बाटलीला मात्र पेटजीचा स्लीव्हच, बाहेरून बसवून आणायचा, उभी छिद्रांची रेघ असलेला, म्हणजे नखाने निघेल. "टाकण्याआधी हे वेष्टण काढा" ही ओळ मी लिहून दिली. परवा छपाईचा नमुना आला. मामाने ती ओळ कोकमाच्या चित्राखाली, पानांच्या गर्दीत, मुंगीएवढ्या अक्षरांत बसवली आहे. आता ती मोठी करण्यावरून फोनाफोनी चालू आहे.