दोघांपैकी एक

डिसेंबर लागला की या शहरात ऊन तिरपं होतं. दिल्ली दरवाजाच्या कमानीखालून ते आत येतं, पाणचक्कीच्या हौदावर जरा वेळ थरथरतं आणि कुणाचा निरोप न घेता उतरून जातं.

१६ डिसेंबर २००४.

लक्ष्या, त्या दिवशी तू गेलास. पन्नास पूर्ण होऊन दोन महिनेही झाले नव्हते.

बातमी खरी होती. तरी रविवारच्या दुपारी कुठल्याशा घरात टीव्ही लागतो, खिडकीतून आवाज गल्लीत सांडतो, आणि तू असतोस. पदर सावरत. डोळे विस्फारत. चौतिशीच्या उंबरठ्यावर, कायमचा. भिंतीवरचं कॅलेंडर दरवर्षी बदलतं. तुझ्या केसांना त्याची वार्ता नसते.

उजेडाचं हे कसलं औदार्य म्हणायचं? माणूस नेतो काळ, आणि हसू मागे ठेवतो. ठेवतो तेही असं, की हात पुढे केला तर बोटांना नुसती काच लागावी.

*

तुम्ही दोघे मुंबईचे. समुद्राच्या हवेत वाढलेले, गिरगावच्या बाजूचे. आमच्या कोरड्या मराठवाड्याशी तुमचं नातं उजेडाचं. तोही अंधारात बसून पाहिलेला. स्टेट, मोहन, सादिया, अंजली, अप्सरा ही आमची थिएटरं. एकेकाळी या नावांवरून आमच्या संध्याकाळी ओळखल्या जायच्या. मागच्या भिंतीतल्या चौकोनी भोकातून प्रकाशाचा झोत निघायचा. त्यात धूळ तरंगायची, विडीचा धूर तरंगायचा. गुलमंडीचा कापडवाला, शहागंजातला फळवाला, वाळूजच्या कारखान्यातून पहिली पाळी संपवून थेट आलेला पोरगा, सगळ्यांच्या डोक्यांवरून तो झोत पुढे जायचा आणि पडद्यावर पोचल्यावर त्याची दोन माणसं व्हायची.

दोन.

एक अशोक सराफ. आमचे मामा. दुसरा तू, लक्ष्मीकांत बेर्डे, त्यांच्याहून सात वर्षांनी धाकटा.

१९८५ साली ‘धूमधडाका’त मामांनी यदुनाथ जवळकरांचा कोट चढवला, खोकल्यात विरघळणाऱ्या त्या अगम्य उच्चारांनी उभा महाराष्ट्र वेडा केला, आणि त्याच चित्रपटात वाकड्यांच्या घरातला, सिनेमा काढायच्या वेडाने झपाटलेला पोरगा तू होतास, मग १९८८चा सप्टेंबर आला, सचिनची ‘अशी ही बनवाबनवी’ आली, वसंत सबनीसांची लेखणी आणि लीलाबाई काळभोरांचं पुण्यातलं घर आलं, तिथे तू पार्वती झालास, मामा तुझा नवरा धनंजय माने झाले, आणि मग ‘भुताचा भाऊ’, ‘एकापेक्षा एक’, ‘आयत्या घरात घरोबा’ असे दिवस आले की तुम्ही दोघे एका चौकटीत दिसलात तरी थिएटर आधीच हसायला लागायचं, विनोद अजून झालेला नसायचा, तुम्ही नुसते एकमेकांकडे वळलेले असायचात, आणि त्या वळण्यातच आमची आठवड्याची शिणलेली हाडं सैल व्हायची.

मग तो झोत विझला.

*

एक सांगतो. हल्ली मी तुझ्याकडे बघत नाही, लक्ष्या. बघवत नाही. मी मामांकडे बघतो.

तू बोलत असतोस, धावत असतोस, आवाज फाटेपर्यंत घाबरत असतोस. तुझं अंग एका जागी ठरत नाही. हात, भुवया, मान, साडीचे काठ, सगळंच बोलतं. आणि मामा उभे असतात. त्यांचं उभं राहणं बघायचं असतं. तुझं वाक्य त्यांच्या कानावर पडतं. ते लगेच उत्तर देत नाहीत. थांबतात. पापणी अर्धी खाली येते, ओठ एका बाजूला किंचित ओढला जातो, नजर तुझ्यावरून सुटते आणि पुन्हा तुझ्यावरच येऊन बसते. किती वेळ? श्वास आत जाईल आणि बाहेर यायचा राहील, एवढाच.

हसू तिथे जन्मतं.

ते तुझ्या तोंडून निघतं खरं, पण त्याला जागा त्या थांबण्यात मिळते. ऐकणारा असा असेल तर बोलणाऱ्याने कितीही उंचावरून उडी घ्यावी. तू घेतलीस. प्रत्येक वेळी घेतलीस. खाली मामा होते.

घरमालकिणीला बायकोची ओळख करून देताना धनंजय मान्यांची जीभ स्त्रीलिंगा-पुल्लिंगात अडखळते. सगळा महाराष्ट्र ते वाक्य पाठ म्हणतो. मला त्या वाक्यानंतरचं दिसतं. चूक झाल्याचं दोघांनाही एकाच क्षणी कळलेलं असतं, आणि ते लपवायचं ओझं दोघांनी न बोलता अर्धं अर्धं उचललेलं असतं. खोटे नवरा-बायको. खोटं पोट, खोटं डोहाळजेवण. त्या सगळ्या बनावात एकच गोष्ट खरी होती, दोन माणसांचा एकमेकांवरचा विश्वास. तिचा अभिनय करता येत नाही.

*

वेरूळला गेलो होतो. एकविसावं लेणं, रामेश्वर. शिव-पार्वती सारीपाट खेळत बसलेत. लोक त्यांच्याकडे बघतात, फोटो काढतात, पुढे जातात. मी खाली बघत राहिलो. देवांच्या पायांखालच्या पट्टीत गण आहेत. बुटके, पोट सुटलेले, मस्तीखोर. नंदीला सतावणारे. कुणी शेपटीला झोंबलाय, कुणी अंगाशी खेटलाय. वर विश्वाचा डाव चाललाय आणि खाली यांचा दंगा.

तेराचौदाशे वर्षं होत आली. ज्याने ते घडवले, त्याचं नाव कुठेच नाही. मूर्तींचे हात तुटले, नाकं झिजली, बाहेर राज्यं आली आणि गेली. त्या गणांच्या अंगातली खोडी मात्र झिजली नाही. दुपारी उन्हाचा एक पट्टा आत सरकला की ती पुन्हा जागी होते.

मला तुम्ही दोघे आठवलात. आधी आनंद झाला. मग घशात काहीतरी दाटलं. दगडातले गण निदान सगळेच्या सगळे दगडात आहेत. एक आत राहिला आणि दुसरा बाहेर पडून म्हातारा होऊ लागला, असं त्यांचं झालं नाही.

*

आमच्या लहानपणी जाड्या-रड्याही होते. परदेशातले, काळ्या-पांढऱ्यातले, पण नाव आमच्याकडचं. त्यातला जाड्या, ऑलिव्हर हार्डी, १९५७ साली गेला. रड्या, स्टॅन लॉरेल, त्यानंतर १९६५पर्यंत जगला. तो पुन्हा कधी कॅमेऱ्यासमोर उभा राहिला नाही. पण लिहीत राहिला. घरात बसून दोघांसाठी प्रवेश लिहायचा. दोघांसाठी. जो नव्हता त्याचीही वाक्यं.

हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

कागदावर दोन नावं. एकापुढे वाक्य, दुसऱ्यापुढे वाक्य. दिवा चालू. समोरची खुर्ची रिकामी, आणि लिहिणाऱ्याला मात्र ती भरलेली दिसते, कारण त्या खुर्चीतला माणूस कुठे थांबेल, कुठे टाय कुरवाळेल, कुठे वैतागून आपल्याकडे बघेल, हे जगात त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

मामा थांबले नाहीत. ते काम करत राहिले. बरं झालं. रंगमंचावर, पडद्यावर, मालिकांत. महाराष्ट्र भूषण झाले, २०२५ साली पद्मश्री झाले. मी टाळ्या वाजवल्या, घरात एकटाच, टीव्हीसमोर उभा राहून. डोळे भरून आले ते आनंदानेच. पण अजूनही मामा एखाद्या प्रसंगात बोलता बोलता थांबतात, पापणी अर्धी खाली येते, नजर बाजूला वळते, आणि मला वाटतं, आता. आता कुणीतरी आवाज फाटेपर्यंत घाबरणार.

बाजूला कुणी तरी दुसरंच असतं. चांगलं काम करत असतं बिचारं.

*

घाटीच्या दवाखान्यात एक रात्र काढली होती. घरचं माणूस आत, मी बाहेर वऱ्हांड्यात. ज्यांनी घाटीचा वऱ्हांडा पाहिलाय त्यांना ती रात्र सांगावी लागत नाही. चटया, डबे, प्लास्टिकच्या पिशव्या, उशाला घेतलेल्या चपला. ट्यूबचा पांढरा, न निवणारा उजेड. कण्हणं. मग शांतता. मग पुन्हा कण्हणं.

वैजापूरकडची एक बाई माझ्या शेजारी बसलेली. डब्याला टेकवून तिने फोन उभा केला होता. आवाज अगदी बारीक. काचेला तडा गेलेला, आणि त्या तड्याच्या दोन्ही बाजूंना तुम्ही दोघे. डोहाळजेवण चाललं होतं. फुलं, हिरवी साडी, लाजणारा तू. ती बाई गालात हसत होती, आणि वाक्य यायच्या आधीच हसत होती. पुढचं सगळं तिला पाठ होतं. पुढच्या वॉर्डात काय होणार, तेवढंच माहीत नव्हतं.

पलीकडे भिंतीला टेकून एक म्हातारे गृहस्थ बसले होते. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. ते हळूहळू सरकत जवळ आले. थोडा वेळ पाहिलं. म्हणाले, “ये औरत बना है ना, उसका नाम क्या जी?”

“लक्ष्या,” ती म्हणाली.

“हयात है?”

तिने उत्तर दिलं नाही. फोन उचलला आणि त्यांच्याकडे वळवून ठेवला. म्हाताऱ्याने डोळे बारीक केले. तू चालत होतास, पोटावर हात ठेवून, ठुमकत. त्यांचे खांदे हलायला लागले. फरशीवरची बादली तिथेच सोडून एक मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या.

तू गेलायस हे तिथे कुणी कुणाला सांगितलं नाही.

*

‘बनवाबनवी’तलं ते घर आता जवळजवळ रिकामं झालंय, लक्ष्या.

सबनीस तुझ्या आधीच गेले, २००२ साली. शंतनू झालेला तो देखणा सिद्धार्थ रे तुझ्याच वर्षी गेला, मार्चात. तू डिसेंबरात. पुढच्या वर्षी चित्रपटातले आधीचे घरमालक, सुधीर जोशी. सत्तर रुपयांचा हिशेब तसाच राहिला, मागणारा गेला. लीलाबाई झालेल्या नयनताराही गेल्या. २०१९ला विजू खोटे. एकेक खोलीतला दिवा मालवत जावा तसं झालं. आणि चित्रपट लागला की सगळे दिवे एकदम पेटतात, सगळी दारं उघडतात, जिन्यावर पावलं वाजतात, कुणी भाडं मागतं, कुणी साडी नेसतं. दोन-अडीच तास कुणीच कुठे गेलेलं नसतं.

मग नावं येतात. पडदा काळा होतो. आपला चेहरा त्यात दिसतो.

जब्बार पटेलांनी तुला ‘एक होता विदूषक’मध्ये उभा केला तेव्हा, १९९२ साली, आम्ही नीट पाहिलं नाही. पु. ल. देशपांड्यांनी लिहिलेला तो माणूस हसवता हसवता आतून मोडत जातो. आम्हाला तुझं मोडणं नको होतं. आम्हाला फक्त पार्वती हवी होती. आता तो चित्रपट लावतो तेव्हा तुझे डोळे स्थिर दिसतात, हात शांत दिसतात, आणि जाणवतं की तुझ्यातही एक थांबणारा माणूस होता. मामांपाशी होता तेवढाच धीर तुझ्यापाशीही होता. तो बाहेर यायला म्हातारपण लागलं असतं.

तेच मिळालं नाही.

म्हातारपण, लक्ष्या. तुझं आणि मामांचं, एकत्र. मी ते किती वेळा मनाशी रचलंय. आज तू सत्तरी ओलांडली असतीस, मामा ऐंशीकडे झुकलेत. बागेतला एक बाक असता. तुला कमी ऐकू येत असतं आणि ते तू कबूल केलं नसतंस. मामांनी वाक्य म्हटलं असतं, आणि या वेळी थांबायची पाळी तुझी असती. तू कानामागे हात नेला असतास, भुवया वर गेल्या असत्या, उत्तर भलत्याच प्रश्नाचं दिलं असतंस, आणि ज्यांनी सगळं आयुष्य तुझा गोंधळ संथपणे झेलला ते मामा पहिल्यांदाच भडकून उठले असते, काठी आपटून निघाले असते, दहा पावलांवर त्यांना कळलं असतं की काठी तुझी आहे, परत आले असते, आणि मग काठी कुणाची यावरून तुमचं असं कडाक्याचं भांडण जुंपलं असतं की बागेतली पोरं खेळ टाकून भोवती जमली असती.

मला ते भांडण बघायचं होतं.