बारा की अर्धा इंच?

राऊटरच्या कोलेटला चीर गेली, तेव्हा सागवानी दाराची चौकट अर्धी गोलाई मारून टेबलावर पडली होती. कोलेट म्हणजे बिटाची दांडी आवळून धरणारी, उभ्या चिरा पाडलेली पोलादी नळी. अंगठ्याच्या पेराएवढी. तेवढी गेली आणि सहा किलोचं मशीन म्हणजे दार अडवायचा दगड झालं.

बल्लारपुरात लाकडाची वानवा नाही. डेपोत थप्प्या लागलेल्या असतात. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 साली सागवान इथूनच गेलं. वानवा आहे ती हे लाकूड कापणाऱ्या मशीनच्या बारीकसारीक भागांची. आणि सागवान हे भाग खातंही फार. त्यात वाळूचा अंश असतो, म्हणजे सिलिका. त्यानं पात्याची धार मरते. भुसा तेलकट, तो बेअरिंगात शिरला की निघत नाही. म्हणून मी बेअरिंग घेताना पत्र्याच्या झाकणाचं घेत नाही, रबरी सीलचं मागतो. चार पैसे जास्त जातात, जाऊ देत.

तसं बेअरिंग हा सगळ्यांत गुणी भाग. त्याच्या अंगावरच पत्ता कोरलेला असतो. 6204 मधल्या शेवटच्या 04 ला पाचानं गुणा, भोक 20 मिलिमीटर. (6200 ते 6203 या चौघांना हा हिशेब लागू नाही, त्यांची भोकं 10, 12, 15, 17 अशी पाठच करावी लागतात.) चंद्रपूरच्या बेअरिंगवाल्याकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी मशीनची कंपनी, मॉडेल, सगळी वंशावळ सांगू लागलो. त्यानं हात वर केला. "भाऊ, कंपनी नोको सांगू. नंबर सांग." तेव्हापासून व्हर्निअर माझ्या पिशवीत असतो.

नटबोल्ट मात्र असे सरळ नसतात. अडीच सूत म्हणून कोणी काही देतो, आपण घेतो. आठ मिलिमीटरचा बोल्ट आणि पाच-सोळांश इंचाचा बोल्ट शेजारी ठेवा, डोळ्याला फरक कळणार नाही. जाडीत मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा सहा वेळा, एवढाच तो फरक. पण आट्यांचं अंतर एकाचं सव्वा, दुसऱ्याचं 1.41. दोन फेरे सुखानं जातात, तिसऱ्याला अडतं, आपण पान्याला जोर लावतो आणि आटे मरतात. ड्रिलच्या चकाच्या पोटातला स्क्रू तर उलट्या आट्यांचा असतो. माझ्याकडच्या पोरानं तो ताकदीनं 'सोडवला' आणि डोकं तोडून माझ्या हातात दिलं. चूक माझी, सांगितलं नव्हतं.

कोलेटची गोष्ट आणखी नाजूक. बिटाची दांडी कधी 12 मिलिमीटर, कधी अर्धा इंच, म्हणजे 12.7. दुकानदार दोघांनाही 'अर्धा इंची'च म्हणतो. अर्धा इंची कोलेटात बारा मिलिमीटरचं बिट टाकलं तर आवळल्यासारखं वाटतं, आणि चालू मशीनमध्ये हळूहळू खाली सरकतं. मिनिटाला 22,000 फेरे घेणारं पोलाद सरकू लागलं की पुढचं सांगायला नको.

इथला लेथवाला म्हणाला, "करून देतो जी, त्यात काय." त्याचा हात चांगला आहे, त्यानं केलेली रंध्याची पुली माझ्याकडे अजून चालते. ग्राइंडरचे कार्बन जाड मिळाले तर मीही पॉलिशपेपरवर घासून बसवतो. पण कोलेट करून घ्यायचं नाही. पोलाद कुठलं, त्याला पाणी किती दिलं, हे नुसतं बघून कळत नाही, आणि तोंड त्याच्यासमोर आपलं असतं.

मग मोटर पिशवीत घातली आणि नागपूरला, इतवारीतल्या लोहाओळीत गेलो. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्यानं माझं तुटकं कोलेट चष्मा वर करून पाहिलं, मॉडेल विचारलंच नाही, आणि वेगळ्याच कंपनीच्या डब्यातून एक काढून दिलं. मी त्याच्या उतारावर पेन्सिलीनं चार रेघा ओढल्या, मोटरीत बसवून फिरवलं. रेघा वरपासून खालपर्यंत सारख्या पुसल्या. टेकतं आहे. त्यानं हिंदी पेपरच्या तुकड्यात पुडी बांधली आणि पैसे मात्र मॉडेल विचारून लावले.

तुटकं कोलेट आता भिंतीवरच्या तारेत लटकतं आहे, चिठ्ठीसकट: माप, कुठे मिळालं, कोणाच्या डब्यातून. शेजारी असे चौदा भाग आहेत. पंधराव्या चिठ्ठीखाली तार रिकामी आहे. ती रंध्याच्या खोलीच्या खटक्याची स्प्रिंग. तीन वर्षं झाली, तिथं बॉलपेनची स्प्रिंग लावली आहे.