जुन्या लेखाची नवी तारीख

अनंत चतुर्दशी २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला. दशलक्षणाच्या उपवासांचा जुना लेख फीडमध्ये नवा म्हणून आला, तर एखादीचं पारणंच चुकायचं. साइटचा पत्ता बदलला की असं होऊ शकतं.

फीड रीडर लेख ओळखतो तो मुख्यतः त्याच्या ओळखखुणेवरून. आरएसएसमध्ये तिला जीयूआयडी म्हणतात, ॲटममध्ये आयडी. पुष्कळदा तिथे लेखाचा पत्ताच घातलेला असतो. एचटीटीपीचं एचटीटीपीएस झालं, तरी रीडरला लेख नवा वाटतो. ॲटमचा २००५ चा नियम स्पष्ट आहे: लेख हलला तरी आयडी बदलायचा नाही.

राजारामपुरीत पाचव्या गल्लीतून अकराव्या गल्लीत बिऱ्हाड हलवलं, तर बँकेत पत्ता बदलतो, खाते क्रमांक तोच राहतो. तसंच हे. साइटचं काम करणाऱ्याला आधीच सांगा, जुने आयडी आणि तारखा जशाच्या तशा ठेव. ते जमत नसेल, तर फीडमध्ये बदलानंतरचेच लेख राहू देत. आणि तिथीच्या लेखाच्या शीर्षकात साल घालाच.

पर्याय बदलतो, द्रव्य तेच राहतं, हे आपण पाठशाळेतच शिकलोय.