बारीक पुस्तक

“मॅडम, एखादं बारीक पुस्तक द्या की.”

नववी ब मधला मुलगा. गुरुवारचा पाचवा तास, म्हणजे त्यांचा ग्रंथालयाचा तास. “बारीक म्हणजे केवढं?” असं विचारल्यावर त्यानं अंगठा आणि बोट यांच्यात फट धरून दाखवली. कंपासपेटीतली पट्टी जेमतेम आत सरकेल एवढी.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, माध्यमिक शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. एकोणीस वर्षं झाली. ग्रंथालय म्हणजे स्काउटच्या खोलीचा अर्धा भाग, पाच लोखंडी कपाटं, दोन काचेची आणि मधोमध एक लांब टेबल. या टेबलाशी सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेलं वाक्य हेच. सुरुवातीला मला वाईट वाटायचं. एवढी पुस्तकं मागे उभी आहेत आणि पोरं जाडी मोजून पुस्तक मागतात! कारण कळायला मला बरीच वर्षं लागली.

तेव्हा शाळेत नियम होता. घरी नेलेल्या प्रत्येक पुस्तकाचा सारांश वहीत लिहायचा. लेखकाचं नाव, पात्रं, आवडलेला प्रसंग आणि शेवटी मिळालेला बोध. एकदा वह्या तपासताना एकाच पुस्तकाचे चार सारांश शब्दन् शब्द सारखे निघाले. चौघांनीही मलपृष्ठावरचा मजकूर उतरवून काढला होता. त्या दिवशी मी वह्या बाजूला ठेवल्या आणि विचार करत बसले. पुस्तक वाचल्यावर वर चार पानं लिहायची असतील, तर मूल बारीकच पुस्तक मागणार. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

तो नियम बंद व्हायला दोन वर्षं गेली. तोवर मी माझ्यापुरतं एक केलं. पुस्तक परत आलं की विचारायचं, “पुरं झालं का? नसेल तर कितव्या पानावर सोडलंस?” सोडलं म्हणून रागवायचं नाही. पान फक्त लिहून ठेवायचं. मुलं आधी बिचकली, मग मोकळेपणानं सांगायला लागली. अशा तीन वह्या भरल्या आहेत. मुलांना कोणतं पुस्तक द्यायचं हे मला ग्रंथालयशास्त्राच्या पदवीपेक्षा या वह्यांनी जास्त शिकवलं. रंगनाथनांनी १९३१ साली मांडलेली पाच सूत्रं आम्ही परीक्षेसाठी पाठ केली होती. वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि पुस्तकाला त्याचा वाचक. सूत्र सोपं आहे. पण समोर उभ्या असलेल्या पोराचं पुस्तक कोणतं, हे त्या पोराला तरी कुठं माहीत असतं?

दुसरा गुरू म्हणजे पुस्तकाच्या शेवटी चिकटवलेली तारखांची पट्टी. रुजू झाल्यावर पहिल्या मे महिन्यात मी सगळी कपाटं रिकामी करून एकेक पट्टी पाहिली. ठोक खरेदीत आलेल्या, संस्कारांच्या नावानं छापलेल्या कितीतरी पुस्तकांच्या पट्ट्या कोऱ्या होत्या. पानं एकमेकांना चिकटलेली, आत वाळवीही शिरलेली नाही. आणि फास्टर फेणेच्या एका पुस्तकाला एकावर एक तीन पट्ट्या. खालची पट्टी जांभळ्या शाईच्या शिक्क्यांनी भरली म्हणून तिच्यावर दुसरी, तीही भरली म्हणून तिसरी. पुठ्ठा गेलेला, पहिली चार पानं नाहीत, कुणीतरी सुईदोऱ्यानं शिवलेलं. माझ्या आधीच्या ग्रंथपाल बाईंनी आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बाद करू नये’.

भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे आमच्या पोरांच्या आईवडिलांच्याही जन्माआधीचा. फुरसुंगीचा हडकुळा पोरगा, पुण्याच्या विद्याभवन शाळेत शिकतो, सायकल हाणतो आणि जिथं भानगड तिथं हजर. अजूनही आठवीतल्या, वाचायचा कंटाळा असलेल्या मुलाच्या हातात मी आधी हेच ठेवते. त्यातही ‘प्रतापगडावर फास्टर फेणे’, कारण प्रतापगड आमच्याच जिल्ह्यातला. सहलीला प्रत्येकानं पाहिलेला असतो. ज्या गडावर आपण डबा खाल्ला तिथं गोष्टीतला मुलगा पळतोय म्हटल्यावर पुस्तक परकं राहत नाही. पहिल्या पुस्तकाची माझी अपेक्षा एवढीच असते. ते पुरं व्हावं, आणि पुरं झाल्याचा आनंद त्या मुलाच्या तोंडावर दिसावा. थोर साहित्य कपाटात आहेच, ते कुठं पळून जात नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक मात्र सांगायला हवी.

आठवीतली एक मुलगी होती. घरी शेळ्या. तासाला आली की करडांच्याच गोष्टी सांगायची. कुणाला दोन झाली, कुठलं बाटलीनं दूध पितं. मला वाटलं, हिच्यासाठी पुस्तक ठरलेलंच आहे. ‘पाडस’. मार्जोरी रॉलिंग्ज यांच्या, १९३९ साली पुलित्झर मिळालेल्या कादंबरीचा राम पटवर्धनांनी केलेला अनुवाद. फ्लॉरिडाचं रान, ज्योडी नावाचा मुलगा आणि त्यानं पाळलेलं हरणाचं पिल्लू. मी ते कॉलेजात असताना वाचलं होतं. मनात राहिलं होतं ते झऱ्यावर पानांचं चक्र करून बसलेलं पोर आणि त्याच्यामागे उड्या मारणारं पाडस. शेवट मला आठवत नव्हता असं नाही. पण पुस्तक तिच्या हातात देताना मी शेवटाचा विचारच केला नाही.

चौथ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती आली. पुस्तक टेबलावर ठेवलं. “मॅडम, तुम्हाला माहीत होतं?”

“हो.”

ती काही बोलली नाही. पट्टीवर शिक्का मारायचीही वाट न बघता गेली. पुढचे तीन गुरुवार ती तासाला मागच्या बाकावर मैत्रिणीशेजारी बसून राहिली, टेबलापाशी आलीच नाही. चौथ्या गुरुवारी आली आणि म्हणाली, “ज्यात जनावर मरत नाही असलं पुस्तक द्या.”

त्या मागणीनं मला जितकं कामाला लावलं तितकं कुणीच लावलं नसेल. मी मनातल्या मनात एकेक पुस्तक काढायला लागले. ‘तोत्तोचान’ देऊ? तेत्सुको कुरोयानागींचं ते पुस्तक मी कितीतरी जणींना दिलंय, रेल्वेच्या डब्यांतली शाळा सगळ्यांना आवडते. पण त्यात जत्रेतून आणलेली कोंबडीची पिल्लं जगत नाहीत. ‘चौघीजणी’? शान्ता शेळक्यांचं मराठी किती गोड आहे, पण त्यात बेथचा पक्षी जातो, आणि पुढे काय होतं ते वाचलेल्यांना माहीत आहे. माडगूळकरांचं ‘सत्तांतर’ तर वानरांच्या टोळ्यांची लढाईच. आपण ज्यांना हसत हसत चांगली पुस्तकं म्हणतो त्यांत एवढं मरण भरलेलं आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. ती टेबलापाशी उभीच होती. शेवटी मी कबूल केलं की मला आठवत नाही, शोधून ठेवते. तेव्हा ती जरा विचार करून म्हणाली, “माणसं मेली तरी चालतील.”

मग फेलूदा दिला. सत्यजित राय यांच्या रहस्यकथा अशोक जैन यांनी मराठीत आणल्या आहेत. कोलकात्याचा प्रदोष मित्र ऊर्फ फेलूदा, त्याचा चुलतभाऊ तपेश आणि भडक साहसकथा लिहिणारे जटायू. तिघं मिळून कधी राजस्थानात, कधी लखनौला, एका गोष्टीत तर आपल्या वेरूळच्या लेण्यांत. एका शिकाऱ्याच्या घरात घडणारी गोष्ट तेवढी मी मागे ठेवली. बाकीच्या तिनं दिवाळीच्या आत संपवल्या. जटायूंच्या लिखाणातल्या चुका फेलूदा काढतो ना, तशा ती माझ्या सूचनाफलकावरच्या चुका काढायला लागली. एकदा ‘पुस्तके वेळेत परत करावित’ यातली वेलांटी तिनं खडूनं दुरुस्त केली.

तेव्हापासून माझ्या वहीत पानाच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आला. कुणी मरतं का, कोण मरतं, घरात भांडणं आहेत का, भीती कितपत. गेल्याच महिन्यात ज्याच्या घरी कुणी गेलं त्याला काय द्यायचं नाही, हे कळायला तो उपयोगी पडतो. त्याला काय द्यायचं, हे मात्र कुठल्या रकान्यात सापडत नाही.

प्रकाश नारायण संतांचा लंपन मी कधीच नुसता हातात देत नाही. ‘वनवास’ किंवा ‘शारदा संगीत’ उघडून मुलांनी एकट्यानं सुरुवात केली की बरीचशी पहिल्या दहा पानांत थांबतात, वहीत तसे आकडे आहेत. त्या कथांची चाल सावकाश आहे. म्हणून मी स्वतः मोठ्यानं वाचते, अर्धी गोष्ट झाली की घंटा होते, आणि उरलेली अर्धी वाचायला दोघंतिघं पुस्तक मागतातच. कर्नाटकाच्या सीमेवरचं गाव, आजीआजोबा, कानडी हेलातली माणसं. आमच्याकडे बऱ्याच घरांत बेळगाव-निपाणीकडचे पाव्हणे असतात, त्यामुळे ती बोली कानाला ओळखीची लागते. आणि संत कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायचे, हे सांगितलं की मुलं अविश्वासानं बघतात. लेखक कराडला एसटी स्टँडवर दिसला असता, हे त्यांना खरंच वाटत नाही. दोन आठवडे मग वर्गात सगळं ‘मॅडसारखं’ असतं.

मिलिंद बोकीलांच्या ‘शाळा’ची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती अजून मला लागते. २००४ साली आलेली कादंबरी, नववीतल्या मुकुंद जोशीची, आणीबाणीच्या दिवसांतली. नववीच्या मुलाच्या मनातलं इतकं खरं मराठीत क्वचित कुणी लिहिलं असेल. एका मुलाचे वडील पान दुमडून ते पुस्तक घेऊन ऑफिसात आले. त्यातली पोरांची भाषा आणि मुलीचा विषय त्यांना नको होता. त्यांच्या काळजीबद्दल मला राग नाही, बाप काळजी करणारच. पण त्यांच्याशी नीट बोलण्याआधीच पुस्तक ऑफिसच्या कपाटात गेलं आणि दीड वर्ष तिथंच राहिलं. त्या दीड वर्षात नववीतली जी मुलं माझ्यासमोरून गेली, त्यांना ते मिळालं नाही. पुढे दहावी, मग तालुक्याबाहेर. ती नववी परत येत नाही. आता ते उघड्या कपाटात आहे. मी ते नववी-दहावीलाच देते, देताना विषय सांगून देते, आणि कुणाच्या घरी विचारलं तर माझं नाव सांगायला सांगते.

तर तो बारीक पुस्तक मागणारा मुलगा.

त्याला मी तीन पुस्तकं दाखवली, तिन्ही त्यानं उलटून पाहून ठेवून दिली. मग मी पुस्तकाचं बोलणं सोडलं आणि घरी कोण कोण असतं ते विचारलं. आजी, आई, धाकटी बहीण. वडील ‘ग्रेफ’मध्ये. आमच्या जिल्ह्यात फौजेतली माणसं घरोघरी आहेत, पण ग्रेफ म्हणजे सीमेवरचे रस्ते करणारी माणसं. “काय करतात तिथं?” “रस्ता करतात. डोंगरात. फोन लागत न्हाई.” एवढंच त्याला माहीत होतं.

मी काचेच्या कपाटातून ‘रारंग ढांग’ काढलं. प्रभाकर पेंढारकरांची कादंबरी. मुंबईहून गेलेला विश्वनाथ नावाचा तरुण इंजिनिअर, हिमालयातला उभा कडा, आणि त्या कड्यातून सुरुंग लावून काढायचा रस्ता. त्याच्या बोटांच्या फटीत ते मावणारं नव्हतं. मी म्हटलं, “तुझे वडील जे काम करतात त्याची गोष्ट आहे. नाही आवडली तर कितव्या पानावर सोडली ते सांग.”

दोन गुरुवार गेले, पुस्तक आलं नाही. तिसऱ्या गुरुवारी विचारलं तेव्हा म्हणाला, आजीला वाचून दाखवतोय. रोज जेवणं झाल्यावर. आजीला लिहिता-वाचता येत नव्हतं, आणि आपला पोरगा एवढी वर्षं तिकडं नेमकं काय करतो हे तिला कुणी धड सांगितलं नव्हतं. दरड कोसळण्याच्या पानावर आजीनं त्याला थांबवलं आणि पुढचे दोन दिवस वाचू दिलं नाही. मग स्वतःच म्हणाली, वाच. मी देवघेवीच्या कार्डावर मुदत वाढवली. नंतर पुन्हा वाढवली.

मे महिन्यात वडील सुट्टीवर आले. जाताना पुस्तक बॅगेत घालून घेऊन गेले. जूनमध्ये मुलगा दहावीच्या वर्गात आला तो आधी माझ्याकडे, मान खाली घालून. “मॅडम, बाबांनी नेलं. तिथल्या पोरांना वाचायला पाहिजे म्हणाले. पैसे भरू का?”

नियमाप्रमाणे किंमत वसूल करून नोंद रद्द करायची असते. मी दुसरी प्रत विकत आणली, तिला नवा दाखल क्रमांक दिला, ती आता तिसऱ्या वाचकाकडे आहे. जुन्या प्रतीची नोंद मात्र मी रद्द केलेली नाही. दर वर्षी मार्चमध्ये कपाटांची मोजणी होते, दाखल रजिस्टरवर बोट ठेवत एकेक क्रमांक पुकारला जातो. तो क्रमांक आला की तपासणारे सर माझ्याकडे बघतात, आणि मी शेऱ्याच्या रकान्यात लिहिते, ‘वाचकाकडे’.