आपली बाटली, परकी बोट

शिदोरी हा शब्द मराठीत फार जुना आहे आणि त्यामागची वृत्ती त्याहूनही जुनी. आपण घराबाहेर पडतो ते काही तरी बांधून घेऊनच. वसईच्या वाडीतून मुंबईला भाजी घेऊन निघालेली बाई टोपलीत दुपारची भाकरी ठेवीत असे. कोकणच्या बोटीने गावी जाणारा चाकरमानी भाऊच्या धक्क्यावर चढताना फिरकीचा तांब्या विसरत नसे. अशा समाजातील माणसांना जेव्हा प्रथमच कळते, की करमणुकीच्या काही अवाढव्य जहाजांवर आपल्या पाण्याची बाटलीदेखील चालत नाही, तेव्हा हसावे की रागवावे हे त्यांना उमगत नाही.

इ. स. 2023 च्या जानेवारीत आमच्या विवाहाला चाळीस वर्षे पूर्ण झाली. अमेरिकेत असलेल्या कन्येने आम्हां उभयतांना फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरून निघणाऱ्या एका जहाजाची सात दिवसांची तिकिटे भेट दिली. तिकिटांबरोबर नियमांची पाने आली. बायबलनंतर इतक्या काळजीपूर्वक आम्ही दुसरे काही वाचले असेल असे वाटत नाही! त्यांतील एक संपूर्ण प्रकरण पेयांना वाहिलेले होते.

या बाबतीत सर्व कंपन्यांचे धोरण एकसारखे नाही. कार्निव्हल कंपनी प्रत्येक प्रौढ प्रवाशाला वाइनची किंवा शॅम्पेनची 750 मिलिलिटरची एकच मोहोरबंद बाटली, तीही पहिल्या दिवशी हातातल्या सामानातून, आणू देते. सोडा, सरबते यांचे बारा लहान डबे चालतात. मात्र जुलै 2015 पासून पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्यांना तेथे मज्जाव आहे. डिस्नेची जहाजे त्या मानाने उदार. तेथे वाइनच्या दोन बाटल्या किंवा बिअरचे सहा डबे चालतात, आणि प्रत्येक बंदरावर पुन्हा तितकेच नेता येते. नॉर्वेजियन कंपनी वाइन आणू देते, पण बाटलीमागे शुल्क घेते. एमएससी तर बाहेरच्या मद्याला उंबरठाच ओलांडू देत नाही. व्हिस्की, रम, फेणी यांना बहुतेक ठिकाणी दार बंद. वाटेतल्या बंदरावर रम विकत घेतली, तर ती शिडीपाशी ठेवून घेतात, तिला चिठ्ठी बांधतात आणि प्रवास संपताना परत देतात.

गंमत अशी, की जुन्या काळी समुद्रावरच्या माणसाला मद्य लागे ते पाणी टिकत नसे म्हणून. लाकडी पिंपांतले पाणी काही आठवड्यांत हिरवे पडे, त्याला वास येई. लिस्बनहून गोव्याला पोहोचायला पोर्तुगीज गलबतांना सुमारे सहा महिने लागत, आणि खलाशांच्या रोजच्या शिध्यात द्राक्षारस असे. मदेरा बेटाची वाइन उष्ण कटिबंधातून हिंदुस्थानापर्यंत जाऊन परत आली, की अधिक चवदार होते असा शोध पुढे लागला. मग व्यापारी ती पिंपे मुद्दाम प्रवासाला धाडू लागले. (हिंदुस्थानची वारी करून सुधारलेले असे पाहुणे विरळाच!) ब्रिटिश आरमारातील रमचा रोजचा वाटा तर 31 जुलै 1970 पर्यंत चालू होता. अमेरिकन आरमाराने मात्र 1 जुलै 1914 रोजीच आपल्या युद्धनौका कोरड्या केल्या. आता समुद्राचे खारे पाणी यंत्रांनी गोडे करून जहाजभर पुरविले जाते. म्हणजे तहानेचा प्रश्न मिटला आहे; उरला तो हिशोबाचा.

हिशोब उघड आहे. तिकिटाचा दर जितका खाली ठेवता येईल तितका ठेवायचा, आणि प्रवासी एकदा आत आला की मद्य, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली, छायाचित्रे यांतून भरपाई करायची. आमच्या जहाजावर रंगीबेरंगी मद्याच्या एका पेल्याला बारा-तेरा डॉलर पडत आणि वर अठरा टक्के सेवाशुल्क आपोआप लागे. दिवसाकाठी ठरावीक रक्कम भरून हवे तितके पिण्याची योजनाही असते. पण ‘हवे तितके’ म्हणजे कार्निव्हलवर चोवीस तासांत मद्याचे पंधराच पेले, आणि एका खोलीतील एका प्रौढाने ती योजना घेतली तर दुसऱ्यानेही घेतली पाहिजे. नवरा पितो म्हणून बायकोचेही पैसे! आमच्या सौभाग्यवतींनी हे वाचून जे उद्गार काढले ते येथे देण्याजोगे नाहीत.

साहजिकच लोक युक्त्या करतात. गुळण्या करण्याच्या औषधाच्या बाटलीत हिरवा रंग टाकून व्होडका नेतात. न कुरकुरणाऱ्या प्लॅस्टिकच्या चपट्या पिशव्या तर याच कामासाठी बाजारात विकत मिळतात. पाण्याच्या बाटलीचे झाकण पुन्हा बेमालूम बसविण्याची कलाही काहींनी साधली होती, आणि त्या बाटल्या तपासण्यातच चढणाऱ्यांच्या रांगा खोळंबत, म्हणून 2015 सालची ती बंदी आली. क्ष-किरण यंत्रापुढे बसलेल्या माणसाला पेटीतील प्रत्येक द्रवाचा संशय येतो. आमच्या पुढच्या एका वृद्ध गृहस्थांचे खोकल्याचे औषध हुंगून पाहिले गेले, तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

चोरटेपणा आम्हाला करावयाचा नव्हता. पण मनात एक इच्छा होती. आमच्या मातोश्री जांभळाची वाइन करीत. विहिरीजवळच्या झाडाची जांभळे, साखर, मूठभर गहू, दालचिनीचा तुकडा, आणि एकवीस दिवस फडक्याने तोंड बांधून ठेवलेली चिनी मातीची बरणी. आमच्या लग्नात याच वाइनने आरोग्यचिंतन झाले होते. त्याच पद्धतीची एक बाटली जहाजावर उघडावी असे सौ.च्या फार मनात होते. परंतु नियम मोहोरबंद बाटलीचा. घरच्या बुचाला आणि हाताने लिहिलेल्या चिठ्ठीला तेथे किंमत नाही. जांभळाची बाटली घरीच राहिली आणि नाशिकच्या द्राक्षवाइनची एक बाटली, कारखान्याच्या वेष्टनासह, आम्ही कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून सातासमुद्रापार नेली.

दुसऱ्या संध्याकाळी भोजनगृहात ती नेली, तेव्हा वाढप्याने अदबीने सांगितले, की टेबलावर उघडल्यास पंधरा डॉलर ‘कॉर्केज’ पडेल. खोलीत उघडल्यास काही नाही. बाटली आमची, बूच आमचे, पिणारे आम्ही. पैसे फक्त उघडण्याचे. कानाच्या लग्नात सहा रांजण भरले तेव्हा कोणी असे शुल्क मागितले नव्हते, असे सौ. म्हणाल्या. आम्ही बाटली बंदच ठेवून परत निघालो. तोच मद्याच्या कट्ट्यामागून एक तरुण पुढे आला आणि चक्क आमच्या वसईच्या बोलीत म्हणाला, “अंकल, आपण कुठल्या गावचे?”

शेजारच्या धर्मग्रामातील मुलगा. वडील केळीची बागाईत करणारे, तीन भावंडांत हा मोठा. जहाजावर आपली माणसे भेटणे ही काही नवलाई नाही. बोटीवरची नोकरी गोव्याच्या तारवटींनी पिढ्यान्‌पिढ्या केली आहे, मुंबईत धोबीतलावच्या कुडांत ट्रंका ठेवून ते पुढच्या बोटीची वाट पाहत. त्यांच्या पाठोपाठ वसईची मुलेही गेली. तरीही मध्यसमुद्रात घरची बोली कानी पडली की पोटात काही तरी हलते.

तो सकाळी अकरापासून मध्यरात्रीपर्यंत, मध्ये काही तासांची विश्रांती धरून, उभाच असे. कामाच्या तासांना आता आंतरराष्ट्रीय कायद्याची मर्यादा आहे. 2013 पासून अमलात आलेल्या सागरी श्रमिक करारानुसार चोवीस तासांत किमान दहा तास विसावा द्यावा लागतो. ते तास मिळतात, असे तो म्हणाला. पण सुट्टीचा वार मात्र आठ महिन्यांत एकही नाही. मूळ पगार थोडा. खरी कमाई त्या अठरा टक्क्यांच्या वाट्यातली. सौ.नी त्याला सरळच विचारले, “आणि आमच्या बाटलीचे ते पंधरा डॉलर?”

“त्यात माझं काही नाही, आंटी. ते जहाजाचे.”

त्याच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते वाक्य आमच्याबरोबर खोलीत आले. इतका वेळ आम्ही हा सामना प्रवासी आणि कंपनी यांच्यातला समजून चाललो होतो: ती आपल्या खिशात हात घालते, आपण आपला खिसा सांभाळायचा. आता त्या दोघांच्या मध्ये केळीवाल्याचा मुलगा उभा होता. प्रत्येक प्रवाशाने आपापली बाटली आणली तर त्याचा वाटा घटणार. आणि त्याचा वाटा वाढावा म्हणून लोकांनी अधिक प्यावे, अशी इच्छा तरी कोणत्या तोंडाने करायची? आपल्या धर्मग्रामांत दारूने बसलेली घरे आम्ही पाहिली आहेत. मुलाच्या पगाराचे ओझे गिऱ्हाइकाच्या पेल्यावर टाकणारी ही व्यवस्था आम्हाला मान्य नाही. तो पगार कंपनीने द्यावा. पण आमच्या मान्य-अमान्यतेने त्याच्या घरी मनीऑर्डर जाणार नव्हती.

लग्नाच्या वाढदिवशी नाशिकची बाटली आम्ही खोलीतच उघडली. स्नानगृहातील पेले धुऊन घेतले. गोल खिडकीबाहेर काळोख होता, जहाज किंचित डुलत होते. वाइन बरी होती, सौ.च्या मते जरा आंबट.

मग रोज रात्री जेवणानंतर आम्ही त्याच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागलो. सौ. लिंबू-सोडा घेत, आम्ही एक पेला रेड वाइन. कन्येने हे कळल्यावर फोनवर हिशोब मांडला, की एवढ्या पैशांत त्या मुलाला सरळ पाकीट दिले असते तर त्याला कितीतरी अधिक मिळाले असते. तिचे गणित बिनचूक होते. पाकीटही शेवटच्या रात्री दिलेच. पण पाकीट हाती ठेवून निघून जाणे एक, आणि ज्याचे दुकान त्याच्यापुढे गिऱ्हाईक म्हणून बसणे दुसरे. त्याला कट्ट्यावर रेंगाळून बोलता यावे, यासाठी आमचे पेले भरलेले असणे गरजेचे होते. तेवढ्या वेळात तो बहिणीच्या लग्नाचे बोले, बावखलाचे बोले, घराच्या अर्धवट राहिलेल्या स्लॅबचे बोले.

घरी राहिलेल्या जांभळाच्या बाटलीची हकिकत सौ.नी त्याला सांगितली तेव्हा तो गालात हसला. त्याची आजीही करीत असे, पण ती दालचिनी घालीत नसे, लवंग घाली. यावर दोघांचा बराच वाद झाला. त्याचा करार मे महिन्याच्या अखेरीस संपणार होता. पाऊस पडण्यापूर्वीची जांभळे त्याला सापडतील, असे सौ.नी बोटांवर मोजून सांगितले, आणि आमच्या घराचा पत्ता बिलाच्या पाठीमागे लिहून त्याच्या हाती दिला.