इक्रीतिशच्या दर्यावर

यूनान हा शब्द उर्दू शाळेत शिकलेल्या आणि शिकवणाऱ्या माणसाला परका वाटत नाही. सुकरात, अफलातून, अरस्तू ही नावे आमच्या मुलांना तोंडपाठ असतात. सिकंदर तर जवळजवळ प्रत्येक वर्गात एखादा असतोच. मोहल्ल्यात यूनानी दवाखाना असतो, आणि मुंबईच्या हलवायांनी अफलातूनची मिठाईसुद्धा करून विकली आहे. पण यूनान हा आजही नकाशावर असलेला एक देश आहे, त्याला समुद्र आहे, बेटे आहेत, आणि व्हिसा काढून तिथे जाता येते, हे मुलांच्या डोक्यात नसते. आम्ही जाणार असे कळल्यावर सातवीतल्या एका मुलाने विचारले, "तिथले सगळे हकीम असतात का?"

आम्ही दोघेही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, दोघेही बी.एड. झालेले. वेश्वी-बागमांडल्याच्या फेरीबोटीत गाड्यांच्या मधल्या जागेत उभे राहून खाडी ओलांडणारी माणसे आम्ही. तेव्हा ग्रीसच्या बेटावर जाऊन एक अख्खी कॅटामरान दिवसभरासाठी भाड्याने घेणे हे आमच्या खिशातले काम नव्हे, हे वाचकांनी ओळखलेच असेल. आमचे भाई व्यापारी जहाजावर चीफ इंजिनियर आहेत. 2024 च्या मे महिन्यात त्यांचा करार पिरियस बंदरात संपला आणि त्यांनी फोनवर फर्मान काढले की भाभी, त्यांची मुलगी, आम्ही दोघे आणि आमचा आठ वर्षांचा मुलगा, सर्वांनी तिकडेच यायचे. 7 मेची निवडणूक ड्यूटी उरकून आम्ही निघालो. व्हिसाच्या कागदांची कथा वेगळी लिहावी लागेल, ती असो.

पिरियसहून रात्रीच्या जहाजाने सकाळी क्रीट बेटावरचे सूदा बंदर आले. तिथून हानिया हे गाव अगदी जवळ. क्रीटला अरब लोक इक्रीतिश म्हणत. कुर्तुबातून म्हणजे स्पेनच्या कोर्दोबा शहरातून हद्दपार झालेले मुसलमान इस्कंदरियामार्गे इथे आले आणि 827 च्या सुमारास त्यांनी इथे अमीरात उभी केली; ती 961 पर्यंत टिकली. त्यांनी राजधानीभोवती खंदक खणला आणि शहराचे नावच अल्-खंदक पडले. ते आजचे इराक्लिओ. आपल्या किल्ल्यांच्या वर्णनात येतो तोच हा खंदक. इतिहासाच्या तासाला हे सांगितले असते तर मुलांच्या लक्षात राहिले असते.

खासगीच होडी का, तर त्याला कारण होते. तीस-चाळीस माणसांना एकत्र नेणाऱ्या होड्याही हानियाच्या धक्क्यावर असतात आणि त्या स्वस्त पडतात. पण त्यांत वाइन सगळ्यांपुढे येते, आणि परक्या माणसांच्या घोळक्यात भाभी व पुतणी पाण्यात उतरल्या नसत्या. "पैसे माझे, पोहणे तुमचे," असे म्हणून भाईंनी विषय संपवला. रक्कम आम्ही नंतर हळूच विचारली. एका शिक्षकाच्या महिन्याच्या पगारापेक्षा जास्त होती. मग दिवसभर आम्ही प्रत्येक तासाची किंमत मनात काढत बसलो.

धक्क्यावर कप्तान उभे होते. वय साठीच्या आसपास, उन्हाने भाजलेला चेहरा, मदतीला एक तरुण खलाशी. चढण्याआधी त्यांनी एक टोपली पुढे केली आणि पायांकडे बोट दाखवून म्हणाले, "पापुत्सिया!" होडीवर चपला-बूट चालत नाहीत, लाकडी तक्त्यांवर खुणा पडतात. पण आम्ही एकमेकांकडे पाहिले ते त्या शब्दामुळे. फारसीतला पापोश तुर्कांच्या तोंडून ग्रीकांकडे गेला आणि पापुत्सी झाला. आपल्याकडे येऊन तो पायपोस झाला. अंगणातून घरात शिरताना आपण जे काढतो ते काढूनच आम्ही भूमध्य समुद्रावर गेलो. पुढे दिवसभर हा खेळ चालला. खलाशाने दुपारी कलिंगड कापले, त्याला तो 'कार्पूझी' म्हणाला. म्हणजे आपले खरबूज, फक्त फळ बदललेले. शेजारून जाणाऱ्या कोळ्याला कप्तानांनी हाक मारली, "ती हबारिया?" आमचा मुलगा ओरडला, "अब्बा, खबर विचारतायत!" तसेच होते. दुनियेला ते 'दुनियास' म्हणतात. देवाणघेवाण दोन्ही बाजूंनी झालेली आहे, कारण आपला कानून मूळचा ग्रीकांचा आणि फानूसही त्यांचाच.

कॅटामरान म्हणजे काय, हे आम्ही तिथे जाईपर्यंत चित्रातच पाहिले होते. शब्द तमिळ आहे, कट्टुमरम, म्हणजे बांधलेली लाकडे. मद्रासकडचे कोळी ओंडके बांधून समुद्रात जातात, त्याचे नाव इंग्रजांनी उचलले आणि युरोपातल्या श्रीमंती होडीला लावले. दोन अरुंद होड्या हातभर नव्हे, चांगल्या खोलीभर अंतरावर ठेवून वर तक्तपोशी केली की झाली कॅटामरान. मधे बसायला दिवाणखाना, पुढे दोन टोकांच्या दरम्यान जाळे ताणलेले. त्यावर पालथे पडले की खाली पाणी धावताना दिसते. एकबुडी होडी वाऱ्याने कलते तशी ही कलत नाही. तिला खोल कणा नसतो, त्यामुळे कंबरभरापेक्षा थोड्याच जास्त पाण्यातही ती किनाऱ्याजवळ जाऊ शकते. इंजिने दोन, प्रत्येक होडीत एक. एक पुढे आणि एक मागे चालवले की ती जागच्या जागी फिरते. भाईंनी हे सगळे कप्तानांच्या खांद्यावरून पाहून आम्हांला उलगडून सांगितले. निवृत्त होईपर्यंत ते सुट्टीवर गेले असे काही होणार नाही.

आमचे आजोबा बाणकोटच्या खाडीत मचव्यावर तांडेल होते. त्यांच्या घरातली माणसे समुद्र पाहिला की आधी भरती-ओहोटी विचारतात. भाभींनीही विचारले, "आता पाणी चढतं आहे की उतरतं?" कप्तानांना प्रश्नच कळेना. भूमध्य समुद्राचे पाणी तिथे जेमतेम वीतभर वरखाली होते. धक्क्याच्या दगडावर शेवाळाची रेघ सकाळी जिथे होती तिथेच संध्याकाळी. चिखल नाही, उघडी पडलेली खाजण नाही, अडकलेली होडी नाही. भाभी म्हणाल्या, "मग इथल्या लोकांना कळतं कसं, दर्या जिता आहे म्हणून?"

बंदरातून बाहेर पडताना डाव्या हाताला फिर्कास किल्ला. 1 डिसेंबर 1913 रोजी क्रीट ग्रीसला जोडले गेले तेव्हा इथे झेंडा चढला. धक्क्यावर पाण्याला लागूनच एक घुमट दिसतो, त्याला छोटे छोटे घुमट चिकटलेले. ती कुचुक हसन पाशाची मशीद. तुर्कांनी 1645 मध्ये हानिया घेतल्यानंतरची. मिनार आता नाही, नमाजही नाही, प्रदर्शने भरतात. उजवीकडे दीपगृह. मूळचे व्हेनिसवाल्यांचे, पण 1830 नंतरच्या दशकात बेट मिस्रच्या मुहम्मद अलीच्या ताब्यात असताना ते पुन्हा बांधले गेले. बांधणाऱ्यांच्या हाताला जे वळण होते तेच उतरले. दुरून पाहिले तर मिनारच. आमच्या मुलाने ते दीपगृह आहे हे शेवटपर्यंत मान्य केले नाही.

वारा समोरून होता म्हणून जाताना इंजिनावर गेलो. दक्षिणेला पांढरे डोंगर, लेफ्का ओरी. सर्वांत उंच शिखर 2453 मीटर. मे महिना, पाठीवर ऊन, आणि घळींतून बर्फाच्या रेघा. प्रथम लाझारेता हे चिमुकले बेट लागले. रोगराईच्या काळात खलाशांना आधी इथे उतरवून वेगळे ठेवत. नंतर थोदोरू. पश्चिमेकडून पाहिले तर जबडा वासलेले जनावर वाटते. किनारा गिळायला निघालेल्या राक्षसाला देवांनी दगड करून टाकले, अशी तिथली कथा आहे. बेटावर उतरायला बंदी आहे, कारण तिथे क्रीटचे रानबोकड राखलेले आहेत. दोन आम्हांला कड्यावर दिसले. 1645 च्या जून महिन्यात तुर्की सैन्य उतरले तेव्हा या बेटावरच्या गढीतल्या व्हेनिसच्या सरदाराने शरण जाण्याऐवजी दारूगोळा पेटवून दिला होता. पुतणी दुर्बिणीतून बोकड पाहत होती, आणि भाई बुरूज शोधत होते.

बेटाच्या आडोशाला नांगर पडला. पाणी इतके स्वच्छ की नांगराची साखळी तळापर्यंत मोजता येत होती. आणि इतके गार की पहिली बुडी घेतल्यावर प्रत्येकाने आपापल्या भाषेत किंचाळून घेतले. पुरुष मंडळी पुढे जाळ्यावर गेली, भाभी आणि पुतणी मागच्या शिडीने उतरल्या. खलाशाने कुणाला न सांगता तोंड फिरवून भाजी चिरायला घेतली, याची आम्ही मनात नोंद केली. मुलाच्या गळ्यात फुगवलेले जाकीट होते, त्याला शिटी. हाच समुद्र. 14 जून 2023 रोजी लिबियाच्या तोब्रुकहून निघालेली एक मासेमारी नौका इथून वायव्येला, पायलॉसच्या समोर बुडाली. पाकिस्तान, मिस्र, शाम इथली शेकडो माणसे त्यात होती, 104 वाचली. त्या बातमीतली नावे आमच्या हजेरीपटावरच्या नावांसारखी होती. आम्ही मुलाला शिडीजवळच राहायला सांगितले, का ते सांगितले नाही.

जुहरची वेळ झाली. मुसाफिराची कसर, दोनच रकात, पण किब्ला? क्रीटहून मक्का आग्नेयेला. दिशा मोबाइलवर लगेच सापडली. अडचण अशी की नांगरावरची होडी दावणीच्या बकरीसारखी फिरत राहते. कप्तानांनी चादर अंथरताना पाहिले, भाईंना दिशा विचारली आणि सुकाणूशी जाऊन बसले. दोन्ही इंजिने हलकी हलकी उलटसुलट चालवून त्यांनी होडीचे तोंड पाच-सात मिनिटे धरून ठेवले. सलाम फेरल्यावर इंजिने बंद झाली आणि होडी पुन्हा तिच्या मर्जीने वळली.

जेवण म्हणजे भाजलेला मासा, टोमॅटो-काकडी-ऑलिव्ह, आणि दाकोस. जवाच्या कडक पावावर किसलेला टोमॅटो आणि चीज. त्यांच्या घरच्या दारूची बाटली कप्तानांनी न उघडताच परत ठेवली. मग त्यांनी विचारले, "तुम्ही आपसांत बोलता ती भाषा कोणती?"

भाई म्हणाले कोकणी. भाभी म्हणाल्या उर्दू. आम्ही म्हणालो मराठी. कप्तान हसले नाहीत. म्हणाले, आमच्या घरीही असेच होते.

त्यांची आजी लहान असताना 1924 मध्ये अनातोलियातून या बेटावर आणली गेली. 30 जानेवारी 1923 रोजी लोझानला ग्रीस आणि तुर्कस्तान यांनी करार केला की तिकडचे ख्रिस्ती इकडे आणि इकडचे मुसलमान तिकडे, सक्तीने. अपवाद थोडेच, इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांच्यासारखे. निकष धर्म हा एकच, भाषा नाही. आजीचे लोक ख्रिस्ती, पण घरात फक्त तुर्की. क्रीटमध्ये उतरल्यावर शेजारी त्यांना तुर्काचे बी म्हणत. आणि त्याच वेळी हानियाच्या धक्क्यावरून जे मुसलमान जहाजात चढवले गेले, त्यांतल्या बहुतेकांना तुर्की येत नव्हते! ते याच मातीतले, पिढ्यांपूर्वी मुसलमान झालेले, क्रीटची ग्रीक बोलणारे. 1881 च्या गणतीत बेटावर चौघांत एक मुसलमान होता. आयवालिकला, जुंदा बेटावर उतरल्यावर त्यांना तिथल्यांनी अर्धे काफर म्हटले. त्यांच्यातले काही आधीच, 1897 नंतर, शामच्या किनाऱ्यावर गेले होते; तिथल्या हमीदिया गावात ही ग्रीक टिकून राहिली.

हे ऐकताना आम्हांला जे आठवले ते वाचकांनाही आठवेल. गाडीत शेजारी बसलेले गृहस्थ कौतुकाने म्हणतात, "तुमचं मराठी छान आहे हो!" जणू आम्ही ते कुठून विकत आणले. आणि आपल्यातलेच कुणी ऐकवते, मराठीत लिहिता, मग उर्दूचे कसे होणार? बी.एड.ला मातृभाषेतून शिक्षणावर आम्ही पाने भरभरून लिहिली. शाळेच्या दाखल्यावर मातृभाषेच्या रकान्यात सगळ्या मुलांपुढे उर्दू असते. मधल्या सुट्टीत भांडताना ती कोकणीत भांडतात. रकाना एकच शब्द मावेल एवढाच असतो. 1947 साली आमच्या खाडीवरून कुणाला करार करून हलवले नाही. काही कराचीला गेले, तिथे कोकणींची वस्ती आजही आहे, बाकीचे राहिले. सक्ती झाली असती तर कोणत्या रकान्यावरून झाली असती, हे कप्तानांच्या आजीला विचारायला हवे होते.

परतताना वारा पाठीवर आला. इंजिने बंद करून शिडे सोडली, आणि दिवसभरात पहिल्यांदा पाण्याचा नुसता आवाज ऐकू आला. भाभी जाळ्यावर बसून, आमच्याकडे हळदीच्या रात्री बायका गातात त्यातले एक कोकणी गाणे गुणगुणू लागल्या. कप्तानांनी सुकाणू खलाशाकडे दिले आणि कान देऊन ऐकले. मग स्वतः गायले. त्याला मांतिनादा म्हणतात. पंधरा-पंधरा अक्षरांच्या दोन ओळी, शेवटी यमक. इथून हाकललेले मुसलमान पलीकडच्या किनाऱ्यावरही हेच गात राहिले, असे ते म्हणाले. भाभींनी दुसरे गाणे काढले, त्यांनी दुसऱ्या दोन ओळी. अर्थ विचारायचा होता, पण तोवर दीपगृह बाजूने सरकले होते, धक्का आला होता, आणि दोर फेकायला कप्तानांनी भाईंना हाक मारली.