चाकाला बांधलेली चिंधी

मँचेस्टर म्हटले की मराठी माणसाला कापड आठवते. १९०५ साली पुण्यात ज्या विलायती कापडाची होळी झाली, त्याचे हे माहेर. पण या गावातून कापडाबरोबर माणसेही बाहेर पडत होती. लिव्हरपूलच्या धक्क्यावरून समुद्रापार जायची, आणि पुढे बैल जुंपलेल्या गाड्यांच्या तांड्यातून अमेरिकेच्या पश्चिमेला सरकत राहायची. हे वाचल्यापासून त्यांतला एक, विल्यम क्लेटन, माझ्या मनातून जात नाही.

क्लेटनचा जन्म १८१४चा, प्रेस्टनजवळच्या पेनवर्थमचा. कारखान्यात हिशेब लिहिण्याचे काम. १८३७ साली त्याने अमेरिकेत निघालेला मॉर्मन हा ख्रिस्ती पंथ स्वीकारला, पुढच्या वर्षी नोकरी सोडली आणि पंथाचे काम करायला मँचेस्टर गाठले. त्या काळचे मँचेस्टर म्हणजे धुराडी, कोंदट तळघरे आणि अंधारात सुरू होऊन अंधारात संपणारी पाळी. अशा माणसांना कुणी सांगितले की पश्चिमेला देवाचे गाव वसते आहे, तिथे आपली जमीन असेल, तर ती निघणारच. श्रद्धा खरी होती, आणि पोटही खरे होते. दोन्ही एकाच हाकेला धावली, यात मला काही उणे दिसत नाही.

सप्टेंबर १८४० मध्ये क्लेटन बायको रूथ आणि मुलांसह 'नॉर्थ अमेरिका' जहाजाने निघाला. मिसिसिपीकाठच्या नॉवू गावी संसार मांडला. तोही टिकला नाही. १८४४ मध्ये जमावाने पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ याला ठार केले आणि फेब्रुवारी १८४६ पासून, भर थंडीत, गाव रिकामे होऊ लागले. पंथात तेव्हा बहुपत्नीत्व होते आणि क्लेटनच्याही अनेक बायका होत्या. ते मला कधी पटणार नाही. पण एप्रिलमध्ये, आयोवातल्या चिखलवाटेवर, मागे राहिलेल्या डायँथा या बायकोला मुलगा झाल्याची बातमी आली तेव्हा त्याने जे स्तोत्र लिहिले, ते त्या पंथाचे लोक आजही गातात.

१८४७ च्या वसंतात पंथाचा नवा नेता ब्रिगहम यंग याची पहिली तुकडी पश्चिमेकडे निघाली. १४८ माणसे, त्यांत बायका फक्त ३, मुले २, आणि गाड्या सत्तरच्या वर. क्लेटन त्यात होता, घरची माणसे मागे. रोज संध्याकाळी एकच वाद: आज किती चाललो? कुणी काही सांगे, कुणी काही. हिशेबनिसाच्या जिवाला ते सहन होईना. त्याने एका गाडीचे चाक मोजले. घेर १४ फूट ८ इंच, म्हणजे ३६० फेऱ्यांचा बरोबर एक मैल. आऱ्याला तांबडी चिंधी बांधली आणि ८ मे रोजी दिवसभर चाकाच्या बाजूने चालत फेऱ्या मोजल्या. भरल्या ४,०७०. सव्वाअकरा मैल आणि वर २० फेऱ्या. इतर लोक तेरा-चौदा मैल धरून बसले होते.

थकलेल्या माणसाला वाट नेहमीच लांब वाटते. तिला आकड्यात धरायला मोठा धीर लागतो, नजर चिंधीवरून हलू न देण्याचा.

लवकरच ऑर्सन प्रॅट याने आखलेले आणि सुतार ॲपलटन हार्मन याने घडवलेले लाकडी दातेरी चक्रांचे यंत्र गाडीला बसले, आणि चालत फेऱ्या मोजणे सुटले. यंत्राच्या शोधाचे श्रेय हार्मन घेतो आहे, असे वाटून क्लेटन रोजनिशीत चिडलेला दिसतो. माणूसच तो.

या मोजणीतून १८४८ मध्ये सेंट लुइसला क्लेटनचे एक छोटे पुस्तक छापले गेले. मिसुरी नदीकाठच्या विंटर क्वार्टर्स या पंथाच्या तळापासून सॉल्ट लेकच्या खोऱ्यापर्यंत १,०३१ मैल. कोणता ओढा कुठे, गवत कुठे बरे, लाकूड कुठे मिळेल, चढ केवढा. वारीला निघणाऱ्याच्या हातात लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते अशा मुक्कामांची यादी असते, तसेच हे. फरक एवढाच, की पालखीच्या वाटेवर घरोघरी पाण्याचा तांब्या असतो. इथे पाणी चुकले तर बैल जात, आणि बैल गेले की माणसे.

ती वाट मात्र रिकामी नव्हती. पॉनी, लकोटा, शोशोनी, यूट यांची ती भूमी. तांड्यांनी त्यांची कुरणे खाल्ली, त्यांचे रानरेडे पांगवले. इंग्लंडच्या गिरणीत नाडलेली माणसे तिकडे दुसऱ्यांच्या जमिनीवर वस्ती करत होती. क्लेटनच्या पुस्तकातल्या गवत-पाण्याच्या नोंदी वाचताना हे विसरू नये.

पुस्तक निघाले त्याच वर्षी क्लेटन घरच्यांना घेऊन ती वाट पुन्हा चालला. तो १८७९ मध्ये सॉल्ट लेक सिटीत वारला. तोवर रेल्वे येऊन दहा वर्षे झाली होती. त्याआधी त्या वाटेने गेलेल्या कित्येकांनी उद्याचे पाणी किती मैलांवर आहे, हे त्याच्याच पुस्तकात पाहिले. त्यांच्या दृष्टीने त्याचे सगळ्यांत मोठे काम स्तोत्र नव्हे, ही मोजणीच होती, असे मला ठामपणे वाटते.